ऐकू आलं की हात वर करा

"आवाज? कसला आवाज?" कानसेननी विचारलं.

"फ्रीजचा," बायको म्हणाली.

"मला तर नाही येत."

"तुम्हाला कसा येईल? सोळा वर्षं येतोय तो."

हा संवाद त्या घरात गेली चार वर्षं महिन्यातून एकदा तरी व्हायचा. फ्रीज खरंच सोळा वर्षांचा होता. गार करायचं काम तो अजून इमानेइतबारे करायचा, पण मध्ये थांबायचं असतं हे विसरला होता, त्यामुळे दिवसरात्र चालू राहायचा आणि चालताना घुरघुरायचा. स्वयंपाकघराच्या दारातून तो आत गेलाच नाही, म्हणून आणला त्या दिवसापासून बैठकीच्या खोलीत, दारामागच्या कोपऱ्यात उभा होता. त्याच्या पाठीशी घरातलं सगळ्यात दणकट सॉकेट होतं. त्याच्यासमोर, पाठ करून, कानसेनची गाणी ऐकायची खुर्ची होती.

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलात ते लोकांचे कान तपासायचे आणि घरी येऊन उरलेला वेळ गाणी ऐकायचे, म्हणून सहकाऱ्यांनी ते चिकटवलं होतं. पंचवीस वर्षं ते एका जाड भिंतींच्या लहानशा खोलीबाहेर बसून, काचेपलीकडच्या माणसाला एकच वाक्य सांगत आले होते, "ऐकू आलं की हात वर करा." मग ते कळ दाबायचे, माणसाच्या हेडफोनात बारीकसा सूर वाजायचा आणि माणूस हात वर करायचा. पुष्कळदा कळ दाबली नाही तरी करायचा. याला कानसेन 'खोटा हात' म्हणायचे. खोटा हात करणारी माणसं लबाड नसत, त्यांना बिचाऱ्यांना फक्त पास व्हायचं असे, आणि ती तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखू पाहत. म्हणून तपासणाऱ्याचा चेहरा कोरा हवा, ओठ मिटलेले हवेत, भुवईसुद्धा हलता कामा नये. हे ते नव्या माणसांना शिकवायचे आणि जेवताना बायकोलाही ऐकवायचे. बायको वाचनालयात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांना गप्प करून ती घरी यायची आणि घरी यांचं ऐकायची.

तर नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून हॉस्पिटलानं कानसेनच्या हातावर एक बरी रक्कम ठेवली. रक्कम घरी आली त्याच दिवशी ती फ्रीजची आहे असं बायकोनं जाहीर केलं. आणि त्याच आठवड्यात मेहुणा आला.

मेहुण्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत "हे बरं, की हे बरं?" असं विचारायचा, आणि ही सवय त्याच्या सगळ्या आयुष्यात पसरली होती. त्याला चांगल्या आवाजाचंही वेड होतं. आल्या आल्या त्यानं पिशवीतून रंगीत पुस्तिका काढली. तिच्यावर एका काळ्या, चपट्या, कुठेही बटण नसलेल्या पेटीचा फोटो होता.

"म्युझिक सर्व्हर," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, आता लॅपटॉपवर गाणी ऐकणं बंद."

"काय करतो हा?" बायकोनं विचारलं.

"गाणी साठवतो आणि अँप्लिफायरकडे पाठवतो."

"लॅपटॉप काय करतो?"

"तेच. पण ताई, लॅपटॉप ते करताना आणखी पन्नास कामं करत असतो. ही पेटी एका वेळी एकच काम करते. दुसरं काही सांगितलं तर तिला जमतच नाही."

"तसलं एक आहे आमच्याकडे," बायको म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

कानसेननी पुस्तिका तीनदा वाचली. पेटी लावली की सुरांमागची पार्श्वभूमी काळीशार होते, असं तिच्यात लिहिलं होतं. गाणाऱ्याभोवती हवा जाणवते. मधला पडदा बाजूला झाल्यासारखा वाटतो. किंमत मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती, आणि ती वाचल्यावर इतका वेळ जाणवणारी हवा थोडी कमी झाली. बायकोच्या फ्रीजसाठी ठेवलेली रक्कम तीत जवळजवळ पूर्ण जात होती. एक तर पेटी, नाही तर फ्रीज. दोन्ही काही बसत नव्हतं.

पण कानसेनचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट ऐकू येते असं कुणी म्हटलं, की ती खरंच येते का हे पाहिल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. पुस्तिकेत हात वर करणारी शेकडो माणसं होती. त्यातले खरे हात किती?

"दुकानदार चौदा दिवस वापरायला देतो," मेहुणा म्हणाला. "नाही पटलं तर परत."

"मग तपासू या," कानसेन म्हणाले. "पण डोळे मिटून. कोणतं यंत्र लावलंय ते मला कळता कामा नये. फरक ओळखता आला तर पेटी. नाही आला तर फ्रीज."

"आणि यंत्र लावणार कोण?" मेहुण्यानं विचारलं.

दोघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

बायकोनं अट ऐकून घेतली. आपला फ्रीज नवऱ्याच्या कानांवर ठरणार हे तिला फारसं रुचलं नाही, पण चार वर्षांत निदान तपासणीपर्यंत तरी प्रकरण आलं होतं. "एकदा निकाल लागला की परत वाद नाही," एवढं तिनं कबूल करून घेतलं.

पेटी घेऊन दुकानदाराचा माणूस आला आणि सूचना देऊन गेला. पेटीचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटात लावायचा. एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. ते सॉकेट दणकट हवं. आणि वाजवण्याआधी पेटी अर्धा तास तापू द्यायची. या सूचना त्यानं बायकोलाच दिल्या, कारण कानसेन तेव्हा पेटीला कान लावून ती न वाजता कशी वाटते हे ऐकत होते.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. बायकोनं डब्यात दहा चिठ्ठ्या टाकल्या, पाच पेटीच्या, पाच लॅपटॉपच्या. रोज संध्याकाळी सहा वाजता कानसेननी गॅलरीत जायचं, दार लावून घ्यायचं. बायकोनं चिठ्ठी काढून ते यंत्र जोडायचं आणि दोन्ही यंत्रांवर चादर टाकायची. अर्ध्या तासानं तिनं दारावर टकटक केली, की कानसेननी आत यायचं, थेट खुर्चीत बसायचं आणि एकच गाणं ऐकायचं. अँप्लिफायर तोच, स्पीकर तेच, गाणंही तेच. एका बाईनं साथीशिवाय गायलेलं. मग त्यांनी आपलं उत्तर आपल्या वहीत लिहायचं, तिनं आपलं तिच्या वहीत, आणि दहा दिवस एकमेकांची वही बघायची नाही.

पहिल्या संध्याकाळी कानसेन ऐकत बसले. गाणं छान होतं, नेहमीसारखं होतं. त्यांनी 'लॅपटॉप' लिहिलं. खात्री नव्हती. आपणही खोटा हातच करणार, असं त्यांना वाटायला लागलं आणि जरा वाईटही वाटलं, कारण त्यांना पेटी मनापासून हवी होती.

दुसऱ्या संध्याकाळी गाण्याची शेवटची ओळ आली. तिच्याआधी बाई क्षणभर थांबते, हे कानसेनना पाठ होतं. पण त्या क्षणात काहीतरी होतं. त्यांनी मान पुढे केली. गाणं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "परत लावतेस?"

बायकोनं परत लावलं. ती बाई श्वास घेत होती. शेवटची ओळ उचलण्याआधी, अगदी आत, जणू इथे शेजारी उभी राहून. वीस वर्षं हे गाणं ऐकलं आणि या बाईला श्वास लागतो हे आज कळलं. कानसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वहीत 'पेटी' लिहिलं आणि खाली एक रेघ ओढली.

त्यानंतर कोडंच उरलं नाही. एखाद्या संध्याकाळी श्वास असायचा, एखाद्या नसायचा. मध्ये काही नाही. पंचवीस वर्षांत इतकी स्वच्छ तपासणी कानसेननी पाहिली नव्हती. बायकोकडे पाहून काही कळतंय का, हेही त्यांनी एकदोनदा चोरून पाहिलं. ती ओठ मिटून, हातात पुस्तक धरून बसलेली असायची. चेहरा कोरा.

बाकी घरात थोडी गडबड होती. गॅलरीत रोज अर्धा तास उभ्या असलेल्या कानसेनना पाहून शेजारच्या काकांनी तिसऱ्या दिवशी काळजीनं विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?" पाचव्या दिवशी ते म्हणाले, "वाटलं तर आमच्याकडे येऊन बसत जा." शिवाय फ्रीजनंही मान टाकायला सुरुवात केली होती. एखाद्या दिवशी रात्री जेवायला बसावं, तर फ्रीजखाली पाण्याचं थारोळं. लोणी वितळलेलं. एकदा दूध नासलं.

"फार दिवस काढायचा नाही आता हा," कानसेन पाय उचलत म्हणाले.

"हो का?" बायको म्हणाली आणि फडकं घेऊन आली.

सगळं टिपून ठेवायची सवय असल्यामुळे त्यांनी समासात 'फ्रीजखाली पाणी' असंही लिहून ठेवलं.

अकराव्या दिवशी मेहुण्यासमोर दोन्ही वह्या उघडल्या. दहापैकी दहा उत्तरं बरोबर होती. पहिलं उत्तर अंदाजानं बरोबर आलं होतं, पण बाकीची नऊ छातीवर हात ठेवून सांगावीत अशी होती. मेहुण्यानं बोट ठेवून दहाही उत्तरं परत ताडून पाहिली.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही माणूस नाही. यंत्र आहात."

बायकोनं फ्रीजच्या वरची धूळ पुसली, तेवढंच.

मेहुण्यानं ही बातमी स्वतःपाशी ठेवली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण चांगला आवाज ऐकणाऱ्यांचं त्याचं एक मंडळ होतं, आणि त्या मंडळात पेटीनं फरक पडतो की नाही यावरून तीन वर्षं जुंपली होती. दोन सभासद एकमेकांशी बोलत नव्हते. अशा मंडळात डोळे मिटून दहापैकी दहा ओळखणारा माणूस सापडल्याची बातमी पोचली. रविवारी सकाळी अकराला मंडळ कानसेनच्या घरी येणार असं ठरलं. सोमवारी पेटीची मुदत संपत होती.

मेहुणा धरून पाच जण आले. त्यात एक वकील होता, त्याचा पेटीवर विश्वास नव्हता. एक निवृत्त इंजिनीअर होता, त्यानं स्वतःची विजेची तार मखमली पिशवीत घालून आणली होती. उरलेल्या तिघांनी जागा धरल्या. बायकोनं लिंबाचं सरबत करायचं ठरवलं होतं. ऊन मी म्हणत होतं, आणि सात माणसांना बर्फ लागणार होता.

कानसेन खुर्चीत बसले. आज त्यांनी डोळ्यांना रुमालही बांधला होता. वकिलानं खिशातून नाणं काढून छापा की काटा केलं आणि निकाल बायकोला खुणेनं सांगितला. गाणं सुरू झालं.

कानसेन निश्चिंत होते. शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहायची, बस. बाई थांबली. कानसेन थांबले. श्वास आला नाही.

"लॅपटॉप," ते म्हणाले.

कुणीतरी खाकरलं. वकिलानं नाणं परत उडवलं आणि तो म्हणाला, "पुन्हा एकदा."

"लॅपटॉप," कानसेन म्हणाले.

"आणखी एकदा. घाई नाही."

"लॅपटॉपच. श्वासच नाहीये."

रुमाल सोडला तेव्हा मेहुण्याचा चेहरा बघवत नव्हता. तीनपैकी दोन वेळा पेटी होती. नाणं खिशात ठेवायला वकिलानं जितका वेळ लावला तितका लागत नाही.

"एक मिनिट," तिघांपैकी एक जण म्हणाला. "मघापासून कुठेतरी घूं असा बारीक आवाज येतोय. ऐका."

सगळ्यांनी ऐकलं. कानसेननीही ऐकलं, त्यांना काही आलं नाही.

"आहे, आहे," इंजिनीअर म्हणाला. "तारांचा दोष. वीज शुद्ध नाही." आणि तो गुडघ्यांवर बसून चादरीखाली शिरला. त्याच्यामागून मेहुणा शिरला. वीस मिनिटं पाच जण मिळून त्या घूंचा शोध घेत होते. एकदा अँप्लिफायर बंद केला, एकदा स्पीकर फिरवले, एकदा मखमली पिशवीतली तार लावून पाहिली. आवाज होता तसाच. दरम्यान बायको फ्रीज उघडून बर्फाचे तुकडे काढत होती आणि पेल्यांत टाकत होती. "जरा सरकता का?" ती इंजिनीअरला म्हणाली. तो सरकला आणि फ्रीजला टेकून पुन्हा आवाजाचा विचार करू लागला.

शेवटी पेटीच्या तारेचा माग काढत तो स्वयंपाकघरात पोचला आणि तिथून ओरडला, "हिचा प्लग कुठे लावलाय माहितीये? मिक्सरच्या सॉकेटात. तोही एक्स्टेंशन बोर्डवरून."

खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला.

"मिक्सरच्या," मेहुणा म्हणाला. "ताई, असं कुणी करतं का? मग कसा येणार श्वास?"

"रोज नाही लावत तिथे," ताई म्हणाली. "आज अडचण होती. सरबत घ्या, गार आहे तोवर."

मंडळ आनंदात घरी गेलं. पेटी खरी, पण सॉकेट खोटं, म्हणजे दोन्ही बाजू जिंकल्या होत्या. एकमेकांशी न बोलणारे ते दोघेही जिन्यात मिक्सरविषयी बोलताना ऐकू आले.

कानसेनना मात्र सरबत गोड लागलं नाही. मिक्सरच्या सॉकेटातून आलेली वीज गाणाऱ्या बाईचा श्वास कशी काय थांबवेल? मिक्सर तर बंद होता. दुपारभर ते वही पुढ्यात घेऊन बसले. पेटी दुसऱ्या दिवशी, चौथ्या, पाचव्या, आठव्या आणि नवव्या. ते पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिले आणि वाचता वाचता त्यांची नजर समासात गेली. फ्रीजखाली पाणी. दुसरा दिवस. चौथा. पाचवा. आठवा. नववा.

आधी त्यांना वाटलं, पेटीमुळे फ्रीज बिघडतोय. मग ते उठले, दारामागच्या कोपऱ्यात गेले आणि फ्रीजच्या पाठीमागे डोकावले. घरातलं सगळ्यात दणकट सॉकेट तिथे होतं. त्यात फ्रीजचा प्लग होता. सॉकेटासमोरच्या कोळ्याच्या जाळ्यात, नेमकं एक हात मावेल एवढं भोक पडलेलं होतं.

बायको खिडकीशी वाचत बसली होती. तिनं पान उलटलं.

कानसेननी तिला काही विचारलं नाही. आधी तपासायचं, मग बोलायचं, ही त्यांची रीत. सोमवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि हॉस्पिटलातून आवाज मोजायचं यंत्र मागून आणलं. फ्रीज चालू ठेवून खुर्चीपाशी धरलं, तर काटा बेचाळीसवर. "वीस डेसिबलसुद्धा नसेल," असं ते चार वर्षं बायकोला सांगत आले होते, ते त्यांना आठवलं. फ्रीजचा प्लग काढला. काटा खाली आला. आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली. खोली मोठी झाल्यासारखी वाटली, जिन्यावरची पावलं ऐकू आली, शेजारचे काका कुणाला तरी फोनवर "बिचारा" म्हणत होते तेही आलं. कानसेननी लॅपटॉपवर गाणं लावलं. साधा, पन्नास कामं करणारा लॅपटॉप. शेवटची ओळ आली, बाई थांबली आणि तिनं श्वास घेतला.

ते तिथेच, फ्रीजपाशी, जमिनीवर बसले. लोकांचे कान तपासण्यात पंचवीस वर्षं गेली आणि आपल्या पाठीमागचा आवाज आपल्याला ऐकू आला नाही, याची त्यांना खरोखर लाज वाटली.

पेटीला न्याय द्यायचा म्हणून त्यांनी फ्रीज बंद ठेवून बायकोकडून आणखी बारा वेळा तपासणी करून घेतली. बारापैकी सहा बरोबर आली. नाणं उडवून इतकीच आली असती. एखाद्याच्या कानांना तो फरक कळतही असेल, कानसेन त्याला नाही म्हणणार नव्हते. पण या कानांना, या खोलीत, या पेटीत वेगळं काही ऐकू येत नव्हतं.

"तुला माहीत होतं," त्यांनी वही मिटून विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासून," बायको म्हणाली. "प्लग काढला की मलाच केवढं बरं वाटायचं. रात्री झोपेपर्यंत परत लावावासाच वाटायचा नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तपासणाऱ्यानं सांगायचं असतं का? चेहरा कोरा, ओठ मिटलेले. जेवताना कोण शिकवतं मला?"

कानसेननी वही परत उघडली. "पण समजा, मी ती पेटी घेतली असती. दहापैकी दहा आले होते. तुझा फ्रीज गेला असता."

"घेतली असती तर ती रोज त्याच सॉकेटात लागली असती. दुकानदारानं बजावलंय ना? म्हणजे रोज संध्याकाळी फ्रीज बंद." तिनं चष्मा काढून पुसला. "आठ दिवसांत तुम्हीच कुठून तरी पैसे उभे करून नवा आणला असतात. मी निश्चिंत होते."

संध्याकाळी कानसेन पेटी घेऊन दुकानात गेले. परत करण्याचं कारण लिहायला कागदावर एक ओळ सोडलेली होती. त्यांनी प्रामाणिकपणे 'फ्रीज' लिहिलं. दुकानदारानं ते दोनदा वाचलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

नवा फ्रीज गुरुवारी आला. शनिवारी मेहुणा आला, तो जरा रुसूनच, कारण पेटी परत गेल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती घेतल्याचंही सांगितलं नव्हतं. कानसेननी त्याला खुर्चीत बसवलं आणि गाणं लावलं. चादर अजून तशीच होती. शेवटच्या ओळीआधी मेहुण्यानं डोळे मिटले.

"काळीशार," तो पुटपुटला. "भाऊजी, श्वास आला. घेतलीत ना शेवटी? आणि ही त्या पेटीपेक्षा वरची दिसते."

"वरचीच आहे," कानसेन म्हणाले.

"केवढी?"

"दोन दारांची. भाजीला वेगळा कप्पा आहे."

मेहुण्यानं डोळे उघडले. मग चादर उचलली, खाली लॅपटॉप पाहिला आणि मान वळवून कोपऱ्यात पाहिलं. "हे मंडळात सांगता येणार नाही," एवढंच तो म्हणाला.

रविवारी संध्याकाळी कानसेन एकटेच ऐकत होते. बायको मागे खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. गाणं अर्ध्यावर आलं आणि कानसेनच्या कपाळावर आठी पडली. कुठेतरी घूं येत होतं. बारीक, पण नक्की. चार दिवसांच्या फ्रीजला घरघर लागली? ते पाय न वाजवता उठले आणि फ्रीजच्या दाराला कान लावला. फ्रीज गप्प होता. मागे जाऊन ऐकलं, तिथेही काही नाही. आवाज मात्र येतच होता, थोडा वर जाई, थोडा खाली येई, आणि सगळीकडे गाण्याच्या अर्धं पाऊल मागे असे.

त्यांनी हळूच मान वळवली. बायकोनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं होतं, डोळे मिटले होते, आणि बंद ओठांतून ती त्या बाईबरोबर गुणगुणत होती. एका ठिकाणी सूर चुकला, तो तिनं पुढच्या ठिकाणी सावरून घेतला. बाईनं श्वास घेतला तेव्हा तिनंही घेतला.

तपासणीच्या दहा दिवसांत ती ओठ मिटून बसली होती, कारण तपासणाऱ्यानं तसंच बसायचं असतं. आणि त्याच्या आधीची सगळी वर्षं फ्रीज होता. कानसेननी मनातल्या मनात वर्षं मोजली. काही बोलावं तर ती थांबेल, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते तसेच, फ्रीजला पाठ लावून, शेवटची ओळ संपेपर्यंत उभे राहिले.

गाणं संपलं. बायकोनं डोळे उघडले तेव्हा नवरा समोर कोपऱ्यात उभा होता आणि त्याचा एक हात वर होता.

"काय झालं? हात कशाला वर केलाय?"

"ऐकू आलं," कानसेन म्हणाले.